दोन स्लॉट रिकामे

नव्या कॉम्प्युटरसाठी पंचेचाळीस हजार हा आकडा ठरताना आमच्या घरात जेवढं भांडण झालं तेवढं फ्लॅट घेताना पण झालं नव्हतं. माझी भिशी लागली होती तीस हजारांची, म्हटलं यंदा सोनंबिनं नको, जून तोंडावर आलाय, लेक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाणार, घरात एक धड कॉम्प्युटर पाहिजे. मी एवढं बोलायची खोटी, लेकीने लिस्टच काढून दाखवली आणि ती निघाली अठ्ठ्याहत्तर हजारांची. नवरा म्हणाला तीसच्या वर एक रुपया नाही. आण्णा म्हणजे माझे सासरे, एसटीतून रिटायर झालेत, त्यांचं म्हणणं की पुण्यात कंपन्यांतले जुने कॉम्प्युटर बारा-पंधरा हजारात मिळतात, नवा पाहिजेच कशाला. आणि धाकटा, आठवीतला, त्याला बजेट-बिजेटशी घेणंच नव्हतं, त्याला ग्राफिक्स कार्ड पाहिजे होतं, बाकीचा कॉम्प्युटर नसला तरी चालेल अशा थाटात तो बोलत होता.

खरं सांगायचं तर यातलं कोणीच चुकीचं नव्हतं, प्रत्येकाच्या डोळ्यापुढे वेगळा कॉम्प्युटर होता एवढंच. लेकीला मोबाईलची अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा होता, तो आणि त्याचा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच चालणारा खोटा मोबाईल, मिळून रॅम अशी खातात की आठ जीबीत बाकी काही उघडायची सोय नाही. नवऱ्याला एक्सेल आणि मोठा स्क्रीन. मी शाळेत आहे, मला पगाराचं शालार्थ आणि शाळेच्या माहितीचं यूडायस या पोर्टलांच्या त्या न संपणाऱ्या रकान्यांसाठी असा कॉम्प्युटर पाहिजे ज्यात दहा टॅब उघडले तरी तो रुसत नाही. आण्णा पीएफच्या ईपीएस-९५ पेन्शन योजनेतल्या पेन्शनरांच्या ग्रुपसाठी अर्ज-निवेदनं लिहितात, २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपयांवर अडकलीय आणि साडेसात हजाराची मागणी चालूय, तर ती निवेदनं आत्तापर्यंत ते हाताने लिहून, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचे. एवढ्या सगळ्यांना हॉलमधलं एकच टेबल मिळणार. त्यामुळे मला कोणी विचारलं ना की घरासाठी कॉन्फिगरेशन काय घेऊ, तर मी आधी विचारते की घरात बसणार कोण कोण आणि किती वाजता, कारण प्रोसेसरचं नाव त्याच्या नंतर येतं.

आमचा आधीचा डेस्कटॉप २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेला. सांगलीकरांना याच्यापुढे काही सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही तेव्हा तळमजल्यावर भाड्याने होतो. पाणी ओसरल्यावर गल्लीत ढीग लागलेले, गाद्या, फ्रीज, पुस्तकांचा लगदा आणि कॉम्प्युटर, इतके कॉम्प्युटर की वाटावं इथं दुकान होतं. आमचं कॅबिनेट उघडलं तर आत फॅनच्या पात्यांवर गाळ वाळून बसलेला. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन, मग पोरांची अख्खी शाळा मोबाईलवर, आणि नवऱ्याचा एक जुना लॅपटॉप ज्याच्यात टॅली आहे म्हणून त्याला कोणी हात लावायचा नाही. अशी वर्षं गेली.

पण असेंबल्ड, म्हणजे सुटे पार्ट घेऊन जोडलेला, कॉम्प्युटरच घ्यायचा हे माझ्या डोक्यात पक्कं होतं आणि त्याचं कारण आणखी जुनं आहे, २००२ चं. माझे वडील, आप्पा, साताऱ्यात पाटबंधारे खात्यात क्लार्क. तेव्हा एमएस-सीआयटी नुकतं सुरू झालेलं, सरकारी नोकरदारांना ते पास व्हायला लागायचं नाहीतर इन्क्रिमेंटवर गदा, त्यामुळे पन्नाशीतले लोक संध्याकाळी वह्या घेऊन क्लासला जाताना दिसायचे. आप्पांनी कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि माझ्या डोंबिवलीच्या मावसभावाला घेऊन थेट लॅमिंग्टन रोड गाठला. आता त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण तिकडे पार्ट घ्यायला जाणारं कोणी ते नाव घेत नाही, ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टनला जायचं. दुकानदार सारखा पेंटियम फोर, पेंटियम फोर करत होता, पेपरात सगळ्या जाहिराती त्याच्याच. मावसभाऊ म्हणाला, काका, स्वस्तातला सेलेरॉन प्रोसेसर घ्या, मदरबोर्ड मात्र ८४५ चिपसेटचा चांगला घ्या, दोन वर्षांनी त्याच्यावर पेंटियम बसवता येईल. मग १.७ गिगाहर्ट्झचा सेलेरॉन, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, पंधरा इंची डबा मॉनिटर, सगळं मिळून सव्वीस हजारांच्या आसपास. कॅबिनेट आप्पांनी एसटीत मांडीवर घेऊन आणलं, घाटात गचके बसतात म्हणून खाली ठेवायला तयार नव्हते.

आणि तसंच झालं की. रॅम वाढली, मग सीडी रायटर आला, मग कोणाचा तरी सेकंडहँड पेंटियम फोर त्याच सॉकेटमध्ये बसला, माझं लग्न होऊन मी सांगलीला आले तरी तो डबा तिकडे चालूच होता. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याची हार्ड डिस्क गेली आणि नेमका तेव्हाच थायलंडला मोठा पूर, हार्ड डिस्कचे कारखाने तिथे, ते पाण्यात गेले आणि साताऱ्यातल्या दुकानदाराने आप्पांना दुप्पट भाव सांगितला. आप्पा म्हणाले पूर तिकडे आणि भाव इकडे कसा काय वाढला, दुकानदार म्हणाला साहेब, तुम्ही पाटबंधारेवाले, तुम्हीच सांगा.

आपल्याकडे घर बांधताना वरच्या मजल्याच्या सळया सोडून ठेवतात ना, पैसे आले की वर चढवू म्हणून, मला असेंबल्ड कॉम्प्युटर असाच वाटतो. सहा माणसांच्या घरात, हप्ते-फिया-औषधं सांभाळून जो पैसा उरतो त्यात पूर्ण कॉम्प्युटर कधीच येत नाही. येतो तो अर्धाच. मग प्रश्न एवढाच राहतो की कोणता अर्धा आधी घ्यायचा. माझं मत आहे, आणि घरात ते सगळ्यांना मान्य नाहीये, की जे नंतर बदलता येत नाही किंवा बदलायचं म्हटलं की सगळं उचकटावं लागतं, त्याच्यावर आधी पैसे घालायचे आणि जे नुसतं खोचता येतं ते नंतर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात कारण दुकानात गेल्यावर तोंडात जे आकडे असतात ते खोचायच्या वस्तूंचे असतात, इतके जीबी, तितके कोअर.

आण्णांच्या त्या रिफर्बिश्ड, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर मी नीट विचार केला होता हां, उगाच नाही म्हटलं असं नाही. ऑफिसांतून निघालेले ते डेल, एचपी, लेनोव्होचे डबे मजबूत असतात, आणि फक्त निवेदनं लिहायची असती तर मी तोच घेतला असता, अजूनही कोणी एकट्या माणसाने विचारलं तर तोच सांगेन. पण त्या भावात जे मिळतं ते इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचं, आणि विंडोज ११ ला आठवी पिढी किंवा त्याच्या पुढची लागते, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणूनच तर कंपन्या ते डबे ढिगाने बाहेर काढत होत्या. शिवाय त्यातल्या बऱ्याच डब्यांचा एसएमपीएस, म्हणजे आत सगळ्यांना वीज देणारा भाग, कंपनीच्या खास मापाचा, बोर्डाचे कनेक्टर पण खास, उद्या काही गेलं तर बाजारातला साधा पार्ट बसत नाही. आण्णा एसटीतले असल्यामुळे त्यांना हे एका वाक्यात पटलं. म्हणाले, म्हणजे डेपोत स्पेअर नाही म्हण की.

लॅपटॉपवर फार वेळ घालवला नाही. लॅपटॉप ज्याच्या हातात त्याचा असतो, आणि आमच्या घरात तो लेकीच्या खोलीत गेला असता आणि दार बंद झालं असतं. त्यात त्या भावातल्या बऱ्याच मॉडेलांत रॅम बोर्डावरच डकवलेली.

लेकीशी मात्र खरी लढाई झाली ती सॉकेटवरून, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवरून. तिचं म्हणणं एएम-फाइव्ह घ्यायचं, प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने २०२७ आणि त्याच्या पुढेपर्यंत त्याला सपोर्ट देऊ म्हणून सांगितलंय, त्याच्या आधीचं एएम-फोर म्हणजे संपलेला विषय. ती बरोबर होती. सळयांचा नियम लावला तर एएम-फाइव्हच घ्यायला पाहिजे होतं. पण त्याला डीडीआर-फाइव्ह रॅमच लागते, बोर्ड महाग, प्रोसेसर महाग, सगळं धरून दहा-बारा हजारांचा फरक पडत होता आणि तेवढ्या पैशात आमचा मॉनिटर आणि यूपीएस येत होता. नुसत्या सळयांवर पैसे संपवले तर खालच्या मजल्याला खिडक्या कशाने लावायच्या. शेवटी एएम-फोरवरचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर ठरला, सहा कोअर, बारा थ्रेड, आतच ग्राफिक्स, डब्यात कूलर पण येतो. आणि एएम-फोर संपलेला विषय असला तरी असा संपलाय की २०१७ च्या बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ मधला ५८००एक्स३डी प्रोसेसर चालवणारे लोक आहेत. उद्या कोणीतरी आपला ५७०० सेकंडहँडमध्ये काढेल तेव्हा आम्ही आहोतच.

आता एसएमपीएस. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण याच्यावर कोणीच बोलत नाही. आमच्या इथल्या दुकानदाराने पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून दिलं, कॅबिनेट विथ एसएमपीएस, अठराशे. त्या फुकटच्या एसएमपीएसवर ४५० वॉट असं ठळक छापलेलं असतं पण तो आकडा बघायचाच नाही, बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरात बारा व्होल्टची लाइन किती अँपिअर देते ते असतं, त्याला बाराने गुणायचं. हल्ली प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज बारा व्होल्टवरच खेचतात. गुणाकार केला की साडेचारशेचे अडीचशे झालेले दिसतात कधीकधी. आम्ही ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझवाला घेतला, अडतीसशेचा. ब्राँझ म्हणजे अर्ध्या लोडला असेल तेव्हा भिंतीतून घेतलेल्या विजेतली ८५ टक्के आत पोचवतो, बाकीची गरमी. नवरा म्हणाला कार्ड नाही काही नाही, हा कॉम्प्युटर शंभर-सव्वाशे वॉट खाणार, ५५० चा कशाला. कशाला म्हणजे, धाकट्याकडे बघ की.

आणि अर्थिंग! कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत लोकांनी गृहीत धरलेलं आहे, चप्पल घालून बसा म्हणतात. आप्पांकडे पण तेच होतं. त्याचं कारण साधं आहे, एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून एकेक छोटा कपॅसिटर पत्र्याला जोडलेला असतो, विजेतला कचरा अर्थमधून जमिनीत घालवायला. प्लगाच्या तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसेल तर तो कचरा जाणार कुठे, मग पत्र्यावर २३० च्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून माणूस दगावत नाही, पण कॉम्प्युटर चालू असताना एखादी केबल काढ-घाल केली की पोर्टला धोका असतो. आम्ही पार्ट यायच्या आधी वायरमनला बोलावलं. त्याने हॉलमधला स्विचबोर्ड उघडला, तर हिरवी वायर आली होती पण सॉकेटला जोडलीच नव्हती, टेप लावून मागे कोंबून ठेवलेली. बिल्डरचं नाव घेत नाही. दोनशे रुपयात काम झालं. आख्ख्या पंचेचाळीस हजारात या दोनशेंइतका कामाचा खर्च दुसरा झाला नसेल असं मला वाटतं.

मॉनिटर चोवीस इंची आयपीएस, आठ हजारांच्या थोडा खाली. प्रोसेसर चार-पाच वर्षांत जुना होतो, मॉनिटर दहा वर्षं बघायचा असतो आणि डोळे बदलून मिळत नाहीत. आण्णांसाठी अक्षरं १२५ टक्के केली, त्यावर लेकीचं म्हणणं की सगळं लहान मुलांच्या पुस्तकासारखं दिसतंय, तर आता लॉगिन वेगवेगळे केलेत. एसएसडी एक टीबीची. कीबोर्ड-माऊस साधे. कॅबिनेट धाकट्याने निवडलं, त्याला पुढे लाईट आहेत, त्याच्यावर मी वाद घातला नाही, त्याचंही काहीतरी असू दे.

रॅमबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. सोळा जीबीची एकच स्टिक घ्यायची आणि पुढच्या वर्षी दुसरी, असा माझा हिशोब होता, लेकीने तो हाणून पाडला आणि ती शंभर टक्के बरोबर होती. या प्रोसेसरचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी घेऊन येत नाही, ते याच रॅममधून उसनं घेतं, त्यामुळे एकच स्टिक असली की रस्ता एकपदरी होतो आणि गेम अडखळायला लागतात. आठ-आठच्या दोन घ्यायच्या म्हणजे दोन्ही चॅनेल चालतात. मग जागा कुठून ठेवायची, तर चार स्लॉटवाला बोर्ड घ्यायचा, दोन स्लॉटच्या बोर्डापेक्षा हजार-बाराशे जास्त गेले. स्टिक बसवताना धाकट्याने विचारलं एक सोडून एक भोक का, तर प्रोसेसरकडून मोजलं की दुसरं आणि चौथं, बोर्डाच्या पुस्तकात तसंच दिलेलं असतं.

काही पार्ट ऑनलाइन स्वस्त होते, फरक पण बऱ्यापैकी, तरी बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस गावातल्याच दुकानातून घेतले. पक्क्या बिलावर, सिरियल नंबर टाकून. बिनबिलाचं हजार-दीड हजार कमी पडतं आणि जीएसटीचे १८ टक्के वाचतात म्हणून लोकांना मोह होतो, पण वॉरंटीची वेळ आली की बिलाशिवाय तुम्हाला कोणी ओळखत नाही. दुकानदार माणूस चांगला होता, म्हणाला ताई, विंडोज टाकून देतो, ऑफिस पण देतो, सगळं फ्री. हे फ्री म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. लेकीने नको म्हणून सांगितलं आणि घरी विंडोजच्या जागी खरोखर फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलं. मला वाटलं होतं सगळ्यांची तक्रार येईल, पण माझी पोर्टलं ब्राउझरमध्ये चालतात तिथे काय फरक पडतो, आणि आण्णांना तर विंडोजचीही सवय नव्हती त्यामुळे लिनक्सची अडचणही नव्हती. कीबोर्डवर मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्टचे स्टिकर लावून दिले, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हे तत्त्व त्यांना इतकं आवडलं की ग्रुपमधल्या बाकीच्या पेन्शनरांना पण ते फोनवर समजावून सांगतात. तक्रार आली ती धाकट्याकडून. त्याचा व्हॅलोरंट गेम लिनक्सवर चालत नाही, त्याचं ते चोर पकडायचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय मानतच नाही. एसएसडीचा अर्धा भाग विंडोजसाठी मोकळा ठेवलाय, लायसन्सचे पैसे जमले की बघू. सध्या माइनक्राफ्टवर भागतंय.

जोडणी लेकीने घरीच केली, डायनिंग टेबलावर पुठ्ठा पसरून. एएम-फोरच्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात, एक वाकली की दहा हजारांचा चुराडा, त्यामुळे तो बसवेपर्यंत घरात कोणी पंखा सुद्धा लावला नाही, जून महिना, सांगलीचा उकाडा. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पॉवर बटणाच्या त्या बारीक वायरींनी, प्लस-मायनसची अक्षरं वाचायला सासूबाईंचा सुई ओवायचा भिंग कामाला आला. पहिल्यांदा चालू केला तर फॅन फिरतोय आणि स्क्रीन काळा. घरात एकदम शांतता, नवरा माझ्याकडे बघतोय. रॅमची एक स्टिक पूर्ण दाबली गेली नव्हती, दाबली, टक् झालं, आला डिस्प्ले. सासूबाईंनी तोपर्यंत हळदकुंकू आणून ठेवलंच होतं, फक्त कुठे लावायचं ते विचारत होत्या. काच सोडून कुठेही लावा म्हटलं.

आण्णांनी महिन्याभरात विजेचा हिशोब मांडला. मॉनिटर धरून सत्तर वॉट, दिवसाला पाच तास, महिन्याला दहा-साडेदहा युनिट. शंभरच्या वर गेलं की महावितरणचा स्लॅब बदलतो म्हणून त्यांचं मीटरवर लक्ष असतं.

आणि मग ते दोन रिकामे स्लॉट. दिवाळीनंतर भरू असं ठरलेलं, जूनमध्ये आठ-आठ जीबीच्या दोन्ही स्टिक मिळून चार हजारांच्या आत मिळाल्या होत्या, म्हटलं बोनस आला की आणखी तेवढेच टाकू. तर २०२५ च्या दिवाळीपासून रॅमचे भाव जे सुटले ते सुटलेच. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवीय, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तिघांच्या हातात जगाची बहुतेक मेमरी, ते आपलं उत्पादन जिकडे जास्त पैसा तिकडे वळवतायत. डिसेंबरच्या सुरुवातीला मायक्रॉनने जाहीरच केलं की क्रुशियल नावाने आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांना विकायचं बंद करणार. आमच्या दुकानदाराने त्याच स्टिकचा भाव दुपटीच्या वर सांगितला आणि वर म्हणाला आज घ्या, उद्याचं माहीत नाही. आप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसायला लागले, म्हणाले यंदा पूर कुठे आलाय?

आम्ही घेतली नाही. लेकीचं सोळात चालतंय, एम्युलेटर लावते तेव्हा बाकीचं बंद करते, कुरकुर करते पण काम थांबलेलं नाही. एएम-फाइव्ह घेतलं असतं तर, हा विषय तिने परत काढला, आणि त्यावर धाकट्यानेच तिला डीडीआर-फाइव्हचे भाव मोबाईलवर दाखवले. तो हल्ली भाव रोज बघतो. त्याचं लॉजिक असं आहे की कार्डावर पण मेमरीच असते, तेव्हा कार्ड पण महागणार, म्हणून रॅमचे राखून ठेवलेले पैसे आत्ता कार्डात घालावेत आणि रॅम स्वस्त झाल्यावर घ्यावी. वाढदिवसाचे आणि आजीने दिलेले मिळून त्याच्याकडे सहा हजार आहेत. नवरा म्हणाला निम्मे आण, निम्मे मी घालतो, आणि हे म्हणताना त्याला खात्री होती की निम्मे म्हणजे किती ते पोराला माहीत नसणार, पण पोराला सेकंडहँडचे भाव सुद्धा पाठ होते. एसएमपीएस तर तयारच आहे, कार्डाची आठ पिनची वायर आत गुंडाळून पडलीय.

यावर आण्णांनी चष्मा वर करून विचारलं, ते सगळं ठीक आहे, पण आपला यूपीएस सहाशे व्हीएचा आहे, म्हणजे ३६० वॉट, त्याच्यावर तुझं कार्ड, मॉनिटर आणि माझं निवेदन असं तिन्ही एकदम चालेल काय रे, आणि वळवाच्या पावसात लाईट गेली तर आधी कोण सेव्ह करणार. धाकटा आता यूपीएसचे भाव बघतोय.